बीपीचा आकडा चढला म्हणजे रक्त पोचलं असं नाही, फेनिलेफ्रिनबद्दल जरा सविस्तर

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २० किलोची कुत्री, पायोमेट्राचं, म्हणजे पू भरलेल्या गर्भाशयाचं ऑपरेशन, आयसोफ्लुरेन वायूवर भूल, मधेच मीन (सरासरी) बीपी ४८ वर घसरलं. सिनियर म्हणाले फेनिलेफ्रिन दे, तुम्ही बोलस (एकदम दिलेला डोस) दिला, दोन मिनिटांत मीन ८८ झालं पण हार्ट रेट ११० वरून ५२ वर आला, तुम्ही घाबरलात, ठोके वाढवणारं ॲट्रोपिन मारलं, आणि सिस्टॉलिक २०० च्या पुढं गेलं. कुत्री वाचली. आता विचारताय की चूक नेमकी कुठं झाली, हे औषध लहान जनावरात वापरावं तरी का, घोड्याच्या कॉलिकमध्ये (पोटदुखीत) हेच देतात ते कशाला, आणि डोळ्यात टाकतात ते हेच का.

हो, हेच. आणि चूक औषधाची कमी, ॲट्रोपिनची जास्त. पण त्याच्याही आधी एक चूक आहे, ती बघू.

फेनिलेफ्रिन काय करतं तर जवळजवळ फक्त अल्फा-१ रिसेप्टर धरतं. म्हणजे रक्तवाहिन्या आवळतं, बास. हृदयाला जोर देत नाही, ठोके वाढवत नाही. ॲड्रेनालिनच्या रेणूतला एक हायड्रॉक्सिल गट याच्यात नाही, त्यामुळं ज्या एन्झाइमनं ॲड्रेनालिन पटकन तुटतं त्यातल्या एकाला हे सापडत नाही आणि बोलसचा परिणाम मिनिटभरात न संपता पाच ते पंधरा-वीस मिनिटं टिकतो. पाइपातून पाणी येतंय आणि तुम्ही तोंडाशी अंगठा दाबलात तर पाइपातलं प्रेशर वाढतं, पण बादली लवकर भरते का? उलट हळू भरते. फेनिलेफ्रिन म्हणजे हा अंगठा. मॉनिटरवर ८८ दिसतं, बरं वाटतं, पण हृदयाला आता आवळलेल्या नळ्यांच्या विरुद्ध ढकलायचंय, ठोकेही कमी झालेत, म्हणजे मिनिटाला बाहेर पडणारं एकूण रक्त बहुतेक वेळा आधीपेक्षा कमीच असतं. आकडा छान, आतडी आणि स्नायू उपाशी. हे एक डोक्यात बसलं की या औषधाच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी आपोआप सुटत जातात.

आता ठोके का पडले. मानेतल्या आणि महाधमनीतल्या बॅरोरिसेप्टरना कळलं की प्रेशर एकदम चढलं, त्यांनी व्हेगस नसेमार्फत हृदयाला सांगितलं जरा हळू. हा बिघाड नाही, हे शरीराचं ब्रेक मारणं आहे. तुम्ही ॲट्रोपिन देऊन काय केलंत तर तो ब्रेकच काढून टाकलात. नळ्या तशाच आवळलेल्या, आणि वर हृदय १६० नं धावतंय. डाव्या वेंट्रिकलला ते ओझं झेपत नाही, मागं फुफ्फुसात प्रेशर तुंबतं आणि पल्मनरी एडीमा, म्हणजे फुफ्फुसात पाणी, होऊ शकतो. माणसांच्या ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा असं झालंय, नाकात-घशात फेनिलेफ्रिन वापरल्यावर बीपी चढलं म्हणून हृदयाचा जोर कमी करणारा बीटा ब्लॉकर दिला आणि एडीमा होऊन पेशंट गेला, अशा घटनांवरून २००० साली न्यूयॉर्क राज्यात त्यावर मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. म्हणजे आवळलेल्या नळ्यांवर दोन्ही बाजूंनी चूक करता येते, ब्रेक काढूनही आणि इंजिनाचा जोर काढूनही.

मी ज्युनियर्सना एवढंच सांगतो, रेट कमी आणि बीपीही कमी असेल तर ॲट्रोपिन किंवा त्याच्यासारखंच ग्लायकोपायरोलेट, रेट कमी पण बीपी चांगलं किंवा चढलेलं असेल तर हात खिशात घाला. डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध दिल्यावर लॅब्राडॉरचा रेट ४५ आला की लगेच ॲट्रोपिनकडं धावतात ना, तीच ही चूक, औषध वेगळं एवढंच. तुमच्या केसमध्ये मीन ८८ आणि रेट ५२ असताना करायचं काय होतं, तर काही नाही. ईसीजी बघत बसायचं, दहा मिनिटांत बोलस उतरला असता, रेट आपोआप वर आला असता. आणि खरंच बीपी फार चढलं तर सलग चालणारं इन्फ्युजन बंद करायचं, आयसोफ्लुरेन जरा वाढवायचं कारण ते स्वतःच नळ्या सैल करतं, आणि वाट बघायची. औषध लवकर उतरतं हाच आपला सगळ्यात मोठा मित्र.

आता आधीची चूक. मीन ४८ दिसल्यावर पहिला हात व्हेपोरायझरवर, म्हणजे भुलीचा वायू कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर जायला हवा होता, सिरिंजवर नाही. तुम्ही लिहिलंय २.५ टक्क्यावर चालू होतं. पायोमेट्राची आजारी कुत्री, तिला इतकं लागतंच कशाला, वेदना मारणारं ओपिऑइड नीट दिलं असेल तर बऱ्याचदा याच्या निम्म्यावर चालतं. आयसोफ्लुरेन जेवढं जास्त तेवढ्या नळ्या सैल, एका हातानं नळ्या सोडायच्या आणि दुसऱ्या हातानं आवळायच्या याला काय अर्थ आहे. मग कफ बघा, पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के रुंदीचा आहे का, रुंद कफ बीपी खोटंच कमी दाखवतो आणि अरुंद कफ खोटंच जास्त. कितीतरी वेळा मी नुसता कफ बदलून "हायपोटेन्शन" बरं केलंय 🙂. मग फ्लुइड, ५ ते १० मिली किलोमागं, दहा-पंधरा मिनिटांत, आणि परत मोजा. रिकाम्या टाकीवर नळ आवळून काय मिळणार.

एवढं करूनही पडलेलंच असेल तर विचार करा की अडचण कुठली आहे. हृदयाचा पंप कमजोर वाटतोय, तर त्याला जोर देणारं डोब्युटामिन. ठोकेही कमी आणि बीपीही थोडंसंच पडलंय, वेळ मारून न्यायचीय, तर एफेड्रिनचा एक छोटा डोस. आणि पायोमेट्रासारखं सेप्टिक प्रकरण, जिथं नळ्याच ढिल्या पडल्यात, हिरड्या लालभडक, पाय गरम, नाडी उसळती, तिथं नळ्या आवळणारंच औषध हवं हे तुमच्या सिनियरांचं बरोबर होतं, पण माझी पहिली पसंती नॉरॲड्रेनालिन, ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटपासून सुरू करून वर. कारण त्याला थोडी बीटा-१ ची बाजू आहे, नळी आवळतानाच हृदयालाही जरा हात देतं. ते नसेल, किंवा हृदय आधीच जोरात धावतंय आणि अजून धावायला नकोय, तेव्हा फेनिलेफ्रिन, ०.५ ते ३ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, तेही इन्फ्युजन पंपावर. बोलस फक्त पंप लागेपर्यंतचा पूल म्हणून, १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति किलो.

एक केस मात्र अशी आहे की तिथं हेच औषध आधी आठवावं. ॲसेप्रोमेझिन (एसीपी) हे शांत करणारं औषध जास्त झालेलं जनावर. एसीपी अल्फा-१ बंद करून टाकतं, त्यामुळं नळ्या सैल पडून बीपी कोसळतं, आणि घाबरून कुणी ॲड्रेनालिन दिलं तर त्याची अल्फा बाजू चालतच नाही, उरते बीटा-२, जी नळ्या आणखी उघडते, आणि बीपी अजून खाली जातं. ॲड्रेनालिन देऊन बीपी पडणं ही गोष्ट पुस्तकात वाचताना गंमत वाटते, टेबलावर बघताना अजिबात वाटत नाही. तिथं भरपूर फ्लुइड आणि फेनिलेफ्रिन किंवा नॉरॲड्रेनालिन.

आता डायल्युशन. तुम्ही किती दिलं ते मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नाही, "०.२ मिली" लिहिलंय, आणि मला तेच खटकलं. ॲम्प्युल बहुतेक ठिकाणी १० मिलीग्रॅम प्रति मिलीचं येतं. म्हणजे त्या एका मिलीत १०,००० मायक्रोग्रॅम. २० किलोच्या कुत्रीला १ मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे २० मायक्रोग्रॅम. सरळ ॲम्प्युलमधून ०.२ मिली ओढलं असेल तर ते झालं २,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोमागं १००. शंभर पट. इन्सुलिन सिरिंजनंसुद्धा ॲम्प्युलमधून थेट योग्य डोस ओढता येत नाही, कारण तो ०.००२ मिली होतो. म्हणून मी एकच पद्धत ठेवलीय आणि ती कधी बदलत नाही, १ मिलीचं ॲम्प्युल १०० मिली सलाइनच्या बाटलीत, बाटली चार वेळा उलटीसुलटी करायची नाहीतर औषध पोर्टपाशीच बसून राहतं, आणि बाटलीवर जाड पेननं "फेनिलेफ्रिन १०० मायक्रो प्रति मिली" आणि वेळ. मग हिशेब सोपा, २० किलोला १ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट म्हणजे मिनिटाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिली, म्हणजे तासाला १२ मिली. तुमचं ते ०.२ मिली अशा बाटलीतलं असेल तर डोस अगदी बरोबर होता. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे मीन ४८ वरून ८८ पर्यंतच गेलं म्हणून, मला ते डायल्युटच वाटतंय, पण हे मी अंदाजानं सांगायची वेळ यायला नको होती. रेकॉर्डवर मिली लिहू नका, मायक्रोग्रॅम लिहा.

लाइन शिरेतच आहे का तेही बघा. शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी पांढरी पडते, नंतर काळी. तसं झालंच तर नळ्या सैल करणारं फेंटोलामिन सलाइनमध्ये मिसळून त्या भागात टोचतात, आणि जितकं लवकर तितकं बरं.

मांजराचं एक लहानसं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असलेल्या मांजरात, जिथं हृदयाच्या बाहेर पडायच्या वाटेतच अडथळा होतो, तिथं डोब्युटामिननं जोर वाढवला तर अडथळा वाढतो, म्हणून फेनिलेफ्रिन बरं असं शिकवतात. तर्क पटतो. पण तिथंही कार्डिॲक आउटपुट, म्हणजे मिनिटाला बाहेर पडणारं रक्त, वाढतं असं समजू नका, वाढतो आकडाच, आणि आधी भूल कमी करणं हेच औषध.

आता घोडा. खरं सांगायचं तर फेनिलेफ्रिनचं सगळ्यात देखणं काम घोड्यातच आहे, आणि तिथं ते बीपीसाठी देतच नाहीत.

घोड्याची डावी किडनी आणि पाणथरी, म्हणजे स्प्लीन, यांच्यामध्ये एक पडदा आहे, नेफ्रोस्प्लेनिक लिगामेंट. त्याच्यावर खोबणीसारखी जागा असते. मोठं आतडं, लार्ज कोलन, गॅसनं फुगून पोटाच्या डाव्या भिंतीनं वर सरकतं आणि त्या खोबणीत जाऊन दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखं लटकतं. खाली पाणथरी, वर किडनी, मधे कोलन अडकलेलं. घोडा पाय आपटतो, पोटाकडं बघतो, लोळतो, दुखणं मध्यम, तासातासानं वाढणारं. रेक्टल केलं, म्हणजे गुदद्वारातून हात घालून तपासलं, की हाताला कोलनचे पट्टे डावीकडं वर त्या खोबणीकडं जाताना लागतात आणि पाणथरी भिंतीपासून आत ढकललेली लागते. सोनोग्राफीत डाव्या बाजूला पाणथरीची वरची कड जिथं दिसायला हवी तिथं गॅसची पांढरी रेघ येते आणि किडनी तिच्यामागं गायब. किडनी दिसली नाही एवढ्यावरच निदान करू नका हं, साध्या गॅसनंही ती झाकली जाते. रेक्टल आणि सोनो दोन्ही जुळायला हवं.

आता इथं फेनिलेफ्रिन कशाला? घोड्याची पाणथरी म्हणजे रक्ताचं गोदाम आहे, पळताना ती आकसून राखीव लाल पेशी रक्तात ओतते, आणि तिच्या कॅप्सूलमधल्या स्नायूला अल्फा-१ रिसेप्टर भरपूर. फेनिलेफ्रिन दिलं की ती इतकी आकसते की १५ मिनिटांत आधीच्या एक तृतीयांशच्याही खाली येते. खालचा पाट लहान झाला, मग घोड्याला दोरीवर गोल पळवायचं, हादरे बसतात, आणि कोलन घरंगळून खाली. ऑपरेशन नाही, भूल नाही.

डोस ३ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, १५ मिनिटं. ५०० किलोच्या घोड्याला म्हणजे मिनिटाला १,५०० मायक्रोग्रॅम, एकूण २२.५ मिलीग्रॅम, म्हणजे २.२५ मिली. ते मी ५०० मिली सलाइनमध्ये घालतो आणि १४ गेजच्या कॅथेटरनं सोडतो, मिनिटाला साधारण ३३ मिली. तिथं थेंब मोजण्यात अर्थ नाही, घड्याळ आणि बाटलीवरच्या खुणा बघा, ५ मिनिटांत एक तृतीयांश बाटली, १० मिनिटांत दोन तृतीयांश. एक हात स्टेथोस्कोपवर. ३६ चा रेट २४ वर येईल, कधी २० वर, मधे ठोके गाळले जातील. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण घोडा शांत उभा असतो. इथंही ॲट्रोपिन नाही, आणि घोड्यात तर दुप्पट नाही, कारण ॲट्रोपिननं आतडीच थंड पडतात आणि आपण आलोय कॉलिक बरं करायला. बाटली संपली की रेट जरा वर येऊ द्यायचा, मग १५-२० मिनिटं ट्रॉट (दुडकी चाल).

मी केलेल्यांपैकी एक डोळ्यासमोर आहे, नऊ वर्षांचा खच्ची घोडा, रात्री दोनचा सुमार. इन्फ्युजनच्या आधी प्रोब ठेवला तेव्हा पाणथरी स्क्रीनभर होती, करडी, सलग, जणू भिंत. बारा मिनिटांनी परत ठेवला तर सापडेना, मला वाटलं प्रोब चुकीच्या जागी आहे, दोन बरगड्या खाली सरकलो तेव्हा बोटभर जाडीची पट्टी दिसली. मग त्याला गोल पळवला, चौथ्या की पाचव्या चकरेला लांबलचक पादला, थांबला, अंग झटकलं आणि गवताकडं मान वळवली. परत सोनो केला तर डावी किडनी तिच्या जागी. असं दरवेळी होत नाही, त्याच महिन्यात दुसरा एक घोडा दोनदा देऊनही सुटला नाही आणि टेबलावर न्यावाच लागला.

श्रेय किती द्यायचं हाही वाद आहे. काही घोडे नुसतं उपाशी ठेवून, फ्लुइडवर आणि पळवूनही सुटतात, मग औषधानं सुटला की पळवण्यानं हे कोण सांगणार. मी दोन्ही एकत्र करतो आणि वादात पडत नाही.

कुणाला देऊ नये हे मात्र नीट ऐका. पहिलं, म्हातारा घोडा. २०१० साली पाच वयस्क घोड्यांवर रिपोर्ट आला, फेनिलेफ्रिननंतर छातीत किंवा पोटात प्रचंड रक्तस्राव झाला, आणि पंधरा वर्षं किंवा त्यावरच्या घोड्यांत हा धोका तरुणांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाला. कारण समजायला अवघड नाही, वयानं कडक झालेल्या मोठ्या वाहिन्या, आणि त्यात एकदम चढलेलं प्रेशर. रक्तस्राव लगेचच होतो असंही नाही, काही तासांनीही होऊ शकतो, म्हणून दिलंच तर त्या रात्री हिरड्या आणि रेट बघत राहा. मी पंधराच्या वर देत नाही. मालक म्हणतो चौदा, तर दात बघतो. दुसरं, शॉकमधला घोडा, रेट ७०-८०, हिरड्या जांभळ्या, नाकातून नळी टाकली तर पोटातून बादलीभर उलट येणारं पाणी (रिफ्लक्स), त्याच्या आतड्याला आधीच रक्त कमी पडतंय, तुम्ही आणखी आवळणार? तिसरं, कोलन इतकं फुगलंय की पोट ढोल झालंय, ते पळवून खाली येणारच नाही, फुटेल. आणि गाभण घोडी, तिथं गर्भाशयाकडचं रक्तही कमी होतं, तिथं फार विचार करून.

एसीपी कॉलिकच्या घोड्याला देऊ नका हे सगळे सांगतात, इथं त्याला आणखी एक कारण आहे, एसीपीनं पाणथरी फुगते आणि अल्फा-१ बंद होतो. म्हणजे खालचा पाट आणखी मोठा आणि ज्या कुलपाला तुमची किल्ली लागायची तेच बंद. आधी कुणी देऊन गेलंय का ते विचारा, लोक सांगत नाहीत पटकन.

घोड्याच्या भुलीत बीपीसाठी मात्र मी फेनिलेफ्रिन सहसा घेत नाही. घोडा ५०० किलोचा, कडेवर किंवा पाठीवर तासभर पडलेला, खालच्या स्नायूंना रक्त पोचलं नाही तर उठताना मायोपॅथी (स्नायूंना इजा), म्हणून मीन ७० च्या वर ठेवतो. फेनिलेफ्रिननं ७० चा ९० होईल, पण स्नायूत रक्त जास्त जात नाही. डोब्युटामिननं जातं. तिथं म्हणून डोब्युटामिन, आणि हाच तो आकडा आणि रक्त यांतला फरक, ५०० किलोच्या जनावरात तो उठताना डोळ्यांनी दिसतो.

भुलीतून उठताना मात्र याचा एक वेगळा, फार कामाचा उपयोग आहे. घोडा फक्त नाकानंच श्वास घेतो. पाठीवर पडून डोकं खाली असलं की नाकाच्या आतलं अस्तर सुजतं आणि नळी काढल्यावर घोरायला लागतो, घोर वाढत वाढत श्वासच अडकतो. नळी काढायच्या थोडं आधी १० मिली सलाइनमध्ये ५ ते १० मिलीग्रॅम फेनिलेफ्रिन घेऊन नाकपुडीत फवारलं की सूज ओसरते. फवारताना घोड्याचं नाक खाली असू द्या नाहीतर सगळं घशात जातं. आणि तरीही घोर राहिला तर हट्ट करू नका, नाकात नळी ठेवून उठवा.

डोळ्याकडं येतो. डोळा लाल आहे, वरवरचं कंजंक्टिव्हायटिस की आतलं काही, युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज), काचबिंदू? एक थेंब फेनिलेफ्रिन टाका आणि बघत बसा. वरच्या बारीक, हलणाऱ्या वाहिन्या मिनिटा-दोन मिनिटांत पांढऱ्या पडतात, खोलच्या जाड, सरळ वाहिन्या तशाच राहतात किंवा फार हळू आवळतात. पांढरा झाला तर वरचं, लालच राहिला तर आत शोधा, प्रेशर मोजा. दुसरी टेस्ट हॉर्नर सिंड्रोमची, म्हणजे डोळ्याकडं येणाऱ्या सिंपथेटिक नसेच्या बिघाडाची, पापणी खाली, बाहुली बारीक, तिसरी पापणी वर. एक टक्का फेनिलेफ्रिनचा थेंब दोन्ही डोळ्यांत, आणि घड्याळ. २० मिनिटांच्या आत बाहुली मोठी झाली तर बिघाड नसेच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे कानाच्या आसपास वगैरे, २० ते ४५ मिनिटं लागली तर मधल्या टप्प्यात, तास-दीड तास गेला तर वरचा टप्पा किंवा नॉर्मलच. नस तुटली की तिच्या टोकाची जागा औषधाला हावरी होते, त्यावरच ही टेस्ट चालते. थेंब नेहमीच्या तीव्रतेचा टाकून हे वाचायला गेलात तर सगळेच डोळे उघडतील आणि काही कळणार नाही, डायल्युट करूनच. आणि मांजरात किंवा घोड्यात नुसत्या फेनिलेफ्रिननं नॉर्मल बाहुली फारशी मोठी होतच नाही, तिथं ट्रॉपिकामाइड लागतं.

घोड्यातली एक टेस्ट तर मला फार आवडते. ग्रास सिकनेस, ज्यात ऑटोनॉमिक (आतले अवयव आपोआप चालवणाऱ्या) नसा मरतात, त्याचा संशय असेल तर एका डोळ्यात अर्ध्या टक्क्याचा थेंब टाकतात आणि अर्ध्या तासानं समोरून दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांच्या केसांचा कोन बघतात. वरच्या पापणीचे केस थेंब टाकलेल्या बाजूला उचललेले दिसले तर संशय बळावतो. केसांचा कोन बघून आतड्याच्या नसांचं निदान.

पण डोळ्याचा थेंब म्हणून हलक्यात घेऊ नका. हिशेब करा, १० टक्के म्हणजे १०० मिलीग्रॅम प्रति मिली, एक थेंब साधारण ०.०५ मिली, म्हणजे ५ मिलीग्रॅम, ५,००० मायक्रोग्रॅम. ३ किलोच्या चिवावाला किलोमागं सोळाशेच्या वर. सगळं रक्तात जात नाही हे खरं, पण अश्रूंच्या नळीतून नाकात आणि नाकातून रक्तात बरंच जातं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी दोन्ही डोळ्यांत दोन-दोनदा टाकलं तर बीपी चढून रेट पडलेला अनेकांनी बघितलाय. २.५ टक्के वापरा, एकच थेंब, आणि भूल देणाऱ्याला सांगा की थेंब टाकलाय. नाहीतर तो रेट ५५ बघेल आणि ॲट्रोपिन काढेल, आणि आपण परत तुमच्याच प्रश्नावर.

सर्दीच्या गोळ्या चघळलेली कुत्री येतात तेव्हा पाकीट मागवा. फेनिलेफ्रिन तोंडावाटे फारसं रक्तात पोचत नाही, माणसांतही गोळी कुचकामी आहे म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं २०२४ मध्ये ती काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. खरी भीती त्याच गोळीतल्या पॅरासिटामोलची, मांजराला तर ते जीवघेणंच, किंवा गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर त्याची. नाकाच्या स्प्रेची बाटली फोडली असेल आणि त्यात ऑक्सिमेटाझोलिन असेल तर चित्र उलटंच, कुत्रं पेंगुळतं, रेट पडतो, आणि तिथं उतारा म्हणून अटिपामेझोल उपयोगी पडतं.

तुमच्या कुत्रीबद्दल शेवटचं. ती उठली, खातेय, चांगलंच आहे, पण आधी ४८ आणि मग २०० च्या पुढं असं दोन्ही तिनं एका तासात बघितलंय. फुफ्फुसं आज-उद्या नीट ऐका, झोपेत श्वास मोजायला सांगा, मिनिटाला ३० च्या वर टिकून राहिले तर एक्स-रे. फंडस (डोळ्याचा आतला पडदा) बघा, रेटिनावर रक्ताचे ठिपके आहेत का. आणि क्रिएटिनिन दोन दिवसांनी परत करा, लघवीच्या स्पेसिफिक ग्रॅव्हिटीसकट, कारण पायोमेट्रात किडनी आधीच मार खाल्लेली असते आणि ते ४८ किती वेळ चाललं होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. रिपोर्ट आला की इथंच टाका, आणि ते ०.२ मिली कुठल्या बाटलीतलं होतं तेही.